एकतीस टक्के

पंख्याची घरघर आता शेजारच्या शिरोडकरांकडेही पोचते.
त्यांना वाटतं, आम्ही मध्यरात्री मिक्सर लावतो.

हा डबा जोडला तेव्हा निहार तीन वर्षांचा होता,
माउसला उंदीरमामा म्हणायचा.
आता त्याला मिसरूड फुटलंय
आणि वाक्याच्या जागी तो खांदे उडवतो.
परवा त्याने यादी करून कपाटाला चिकटवली:
ग्राफिक्स कार्ड. खाली दोन रेघा.
बाकी काही नाही.
यादी कसली, नोटीसच ती.

बोनसचे एकवीस हजार,
त्यातले तीन सुलेखाच्या चष्म्याचे, म्हणजे अठरा.
मी लॅबमध्ये दातांच्या कॅप घडवतो.
कुठला उपटायचा, कुठला कोरून वाचवायचा
ते डॉक्टर ठरवतात, माझ्यापर्यंत नुसता साचा येतो.
पहिल्यांदाच निर्णय माझ्यावर आला
आणि मी रात्रभर बसलो, कॅबिनेटचा जबडा उघडा टाकून,
टॉर्च दातांत धरून.

प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदला,
मदरबोर्ड बदलला की जुनी रॅम बसत नाही.
सोयरीक एकीशी, मानपान सगळ्या गोताचा.
कार्ड नवं आणावं, तर पॉवर सप्लायला झेपणार नाही.
तो बिचारा इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलाय,
त्याला कधी कुणी विचारलंच नाही.
स्क्रूंवर चेंबूरच्या हवेचा गंज.
तळाच्या धुळीत एक वाटाणा, पार दगड झालेला.
निहारनेच सारला असणार कधीतरी,
मशीनला भूक लागली असेल म्हणून.

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईचं दुकान म्हणजे
जिन्याखालची एक फळी आणि वर लटकणाऱ्या केबली.
यादी त्याने बघितलीच नाही.
"तकलीफ क्या है?" एवढंच, वैद्यासारखं.
म्हटलं, गेम उघडायला दीड मिनिट लागतो.
"तो फिर पहले एसएसडी डालो. ढाई हजार.
पाँच सेकंड में खुलेगा. बाकी सब बाद में."

बरोबरच होतं त्याचं.
त्या अख्ख्या रस्त्यावर कुणी वेगळं सांगितलं नसतं.

दीड मिनिट.
शनिवारी रात्री जेवणं झाली की
बर्फातला तो ट्रक दिसण्याआधी
काळ्या पडद्यावरचे टक्के बघत आम्ही दोघं बसतो,
आणि तेवढ्यात निहार बोलतो.
पडद्याशी बोलल्यासारखं, माझ्याकडे न बघता.
की बीजगणितात अकरा पडले.
की जुगलने ग्रुपमधून काढून टाकलं.
की प्रार्थनेत आवाज फाटला आणि मागची रांग हसली.
मी हूं म्हणतो. जास्त काही म्हटलं तर
तो मिटतो, हे शिकायला मला वर्ष लागलं.
शंभर टक्के झाले की ट्रक सुरू.
उरलेलं पुढच्या शनिवारी.

कार्ड घेतलं, वापरलेलं, नऊ हजार दोनशे,
सहा महिन्यांची वॉरंटी पेनाने लिहिलेली.
पॉवर सप्लाय कोरा. रॅमची एक पट्टी. एक पंखा.
"और एसएसडी?"
"बजेट नहीं है," मी म्हटलं,
खिशातल्या साडेतीन हजारांवर हात ठेवून.

घरी स्क्रू निहारने आवळले, मला हात लावू दिला नाही.
बटण दाबलं तर इतकं शांत
की चालू झालाय का, ते वाकून बघावं लागलं.
मग विचारलंच त्याने,
"एसएसडी का नाही आणली? सगळे तीच आधी टाकतात."
"पैसे संपले रे."
बिल टेबलावरच पडलं होतं: चौदा हजार पाचशे.
अठरा होते, हे त्याला ठाऊक.
बीजगणित कच्चं असेल,
वजाबाकी येते त्याला.

काही बोलला नाही.
बिलाची चौघडी करून कीबोर्डखाली सारली,
खुर्ची थोडी माझ्याकडे ओढली
आणि गेम लावला.

सात टक्के.
एकोणीस.
"बाबा," तो म्हणाला, पडद्याकडे बघत.
एकतीस.